दुहेरी खळ

साडी दांडीवरून काढून खाली ठेवली, तर ती उभी राहिली.

फुगवून सांगत नाही. दांडीवर जशी दुमडून टाकली होती तशीच, दोन्ही बाजू ताठ आणि मध्ये पोकळी. अंगणात कुणी लहानसा तंबू ठोकावा तशी. शेजारच्यांचं मांजर एका बाजूनं आत शिरलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलं. मी बोटानं टिचकी मारली तर वाजली.

ती माझी मुलाखतीला नेसायची साडी होती. पांढरी सुती पाचवारी, बारीक हिरवे काठ, मुद्दाम नवी घेतलेली. आणि दहाच्या एसटीनं मला निघायचं होतं.

तेवढ्यात अक्का चुलीला लाकडं न्यायला मागल्या दारी आली. तिच्या मागोमाग कुमुदवहिनी, खरकट्या भांड्यांची पाटी घेऊन. दोघींनी साडीकडे पाहिलं, मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. एकमेकींकडे पाहायचा प्रश्नच नव्हता. त्यांचा अबोला होता, आणि तो आता तिसऱ्या दिवाळीच्या वाटेला लागला होता.

हे आमचं आष्ट्याचं घर. आई-वडील लवकर गेले, आणि मला वाढवलं ते अक्कानं. अक्का म्हणजे माझी थोरली वहिनी, दादाची बायको. तिला सगळेच अक्का म्हणत. कुमुदवहिनी धाकटी, भाऊची. अक्का कामाला वाघ आणि बोलायला तिखट. कुमुदवहिनीही कामाला तशीच, बोलायला मात्र गोड, फक्त त्या गोडात कुठेतरी टाचणी असायची.

अबोल्याचं कारण म्हणाल तर नीळ. एकदा कुमुदवहिनीनं दादाच्या धोतरांना नीळ दिली ती जरा सढळ हातानं, आणि दादा सोसायटीच्या सभेला आकाशी धोतर नेसून जाऊन आला. अक्का म्हणाली, माहेरी रंगाऱ्याचं दुकान होतं का. कुमुदवहिनी म्हणाली, माहेरी धुतलेले कपडे घालायची पद्धत होती, म्हणून नीळ लागायची. झालं. माहेरावरून गेलेला शब्द मागे कोण घेणार? दादाचं धोतर दोन धुण्यांत पांढरं झालं, पण या दोघी काही बोलेनात.

अबोला धरणं सोपं असतं, तो चालवणं अवघड. एक चूल, एक मोरी, एक दांडी, आणि मधल्यामध्ये निरोप पोचवायला मी. आमटीत मीठ घातलंय म्हणावं, असं अक्का मला सांगायची. मला दिसतंय म्हणावं, असं कुमुदवहिनी मला सांगायची. दोघी हाताच्या अंतरावर उभ्या असायच्या. मी घरात नसले की हेच बोलणं डब्यांशी आणि मांजराशी चालायचं. ते मांजर शेजाऱ्यांचं, पण आमच्या घरातलं सगळं त्याला माहीत होतं.

यात सगळ्यात मोठी पंचाईत साड्यांची. हल्लीच्या मुलींना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. सुती साडी नुसती धुतली आणि नेसली असं तेव्हा नव्हतं. नवी असली तर आधी पाण्यातून काढायची, म्हणजे आटायची ती आटते आणि गिरणीची खळ निघून जाते. ती गेली की साडी पार मरगळते. मग घरची खळ करायची. वाळली की पाण्याचा हबका मारून गुंडाळून ठेवायची, आणि दमट असतानाच ओढायची. ओढायची म्हणजे दोघींनी समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरायची, मागे रेलायचं आणि आळीपाळीनं झटके द्यायचे. काठ सरळ होतात, सुरकुत्या जातात, निम्मी इस्त्री तिथंच होते. पण हे एकटीचं काम नव्हे. कुमुदवहिनीनं एकदा दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधून पाहिलं होतं. गज गंजलेला निघाला आणि साडी वाया गेली.

तेव्हापासून दोघींच्या साड्यांचं दुसरं टोक माझ्या हातात. अक्काची साडी ओढताना अक्का कुमुदवहिनीबद्दल बोलायची. कुमुदवहिनीची ओढताना ती अक्काबद्दल बोलायची. मी मागे रेलून ऐकायचे. खळीतही त्यांचे दोन पंथ होते. अक्का भाताची पेज फडक्यातून गाळून घ्यायची आणि म्हणायची, साबुदाण्याची खळ म्हणजे चिकटपणा नुसता. कुमुदवहिनी साबुदाणा शिजवून गाळायची आणि म्हणायची, पेजेच्या खळीला वास मारतो आणि झुरळं लागतात. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खरं होतं. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, म्हणून मला दोघींकडून वाढून मिळायचं.

आता मुलाखतीचं. मी डी.एड. होऊन घरी बसले होते. दादा एका सोसायटीत कारकून होता, आणि त्या सोसायटीच्या चेअरमनांचा मेहुणा होता बिंदुमाधव सोवनी म्हणून. कऱ्हाडला लाकडाची वखार, बायको वारलेली, थोरला मुलगा मॅट्रिकला बसलेला. चेअरमननी माझ्यासाठी शब्द टाकला आणि दादा तिथल्या तिथं हो म्हणाला. दादा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त घराबाहेरच्या कुणालाही नाही म्हणता येत नसे, आणि घरातल्या कुणालाही हो.

मी जेवण सोडलं, आकांडतांडव केलं, तेव्हा कुठे एवढी सवलत मिळाली. एका कन्याशाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. ती मुलाखत द्यायची. नोकरी लागली तर सोवनींना थांबायला सांगू, असं दादा म्हणाला. नाही लागली तर रविवारी ते लोक येतील आणि सुपारी फुटेल. मुलाखत शुक्रवारी होती. म्हणजे त्या एका दुपारवर माझं सगळं आयुष्य टांगलेलं. बावीस वर्षांची मी, आणि मॅट्रिकच्या मुलाची आई व्हायची पाळी आलेली.

त्याहून लागलं ते दोघी वहिन्यांचं गप्प बसणं. जिनं मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या वेण्या घातल्या, ती अक्का या स्थळाबद्दल अवाक्षर काढेना. विचारलं तर म्हणायची, "घरात कुणाला तुझी अडचण होत असेल, तर मी काय बोलणार?" कुमुदवहिनीला विचारलं तर म्हणायची, "ज्यांनी वाढवलं त्यांनीच ठरवलं. मी धाकटी, मी काय बोलणार?" मला वाटलं, चला, दोघींनाही मी जड झाले. एका बाबतीत तरी यांचं एकमत आहे.

गुरुवारी सकाळी मी साडी पाण्यातून काढली, दांडीवर टाकली आणि दाखल्याच्या नकलांवर सही घ्यायला हेडमास्तरांकडे गेले. ते मळ्यात गेले होते. दिवसभर मी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्या आईचं गुडघेदुखीचं पुराण ऐकलं. दिवेलागणीला घरी आले तर साडी अजून ओलीच. हवा ढगाळ होती, मला काही वाटलं नाही. म्हटलं, सकाळी उठून पातळशी खळ करू, दमट असतानाच इस्त्री फिरवू. रात्री वारा सुटला. आणि सकाळी हे असं.

मी त्या तंबूकडे बघत अंगणालाच विचारलं, "खळ कुणी केली?"

"मी," दोघी एकदम म्हणाल्या. दोघी मला म्हणाल्या.

दुपारी कुमुदवहिनी जरा पडली होती तेव्हा अक्कानं गुपचूप पेज गाळून साडीला खळ केली आणि परत दांडीवर टाकली. संध्याकाळी अक्का देवळात पोथी ऐकायला गेली तेव्हा कुमुदवहिनीनं गुपचूप साबुदाणा शिजवला. साडी ओली दिसली, म्हणजे मी टाकली तशीच आहे, असं धरून तिनं ती घाईघाईनं खळीत बुडवली आणि परत दांडीवर टाकली. हाताला बुळबुळीत लागलं नाही का, असं मी पुढे विचारलं होतं. तर म्हणाली, माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. घरात बोलायची पद्धत असती तर एका वाक्यात निभावलं असतं.

गाडीला दीड-दोन तास होते. अक्का मला म्हणाली, गरम पाण्यात घाल. कुमुदवहिनी मला म्हणाली, गरम नको, कोमट, नाही तर काठाचा रंग उतरेल. मी कोमट घेतलं. साडी घंगाळात बसेना, तिला कोपऱ्याकोपऱ्यानं दाबून नरम करावं लागलं. मग न पिळता कोरड्या पंच्यांत गुंडाळून तिघींनी तिच्यावर पाय दिले आणि पाणी काढलं. आता ओढायची आणि इस्त्रीवर सुकवायची, एवढाच उपाय उरला. अक्कानं दोन टोकं हातात घेतली आणि माझी वाट बघत उभी राहिली.

नेमका तेव्हा आतून दादा ओरडला, शालन, आंघोळ झाली का, गाडी तुझ्यासाठी थांबणार नाही. मी मुकाट्यानं न्हाणीत गेले. न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा. आतून दिसत काही नसे, ऐकू सगळं येई.

मी दोन तांबे अंगावर ओतले. मग कुमुदवहिनीच्या बांगड्या वाजल्या आणि फट् असा साडीचा आवाज आला.

"घट्ट धरा. निसटेल," कुमुदवहिनी म्हणाली.

मी तांब्या हातात धरून बसून राहिले. हे वाक्य मला नव्हतं. मांजरालाही नव्हतं.

"धरलंय. तू मागे रेल," अक्का म्हणाली.

फट्. पुन्हा फट्. दोघींचा हात जोराचा, आवाज असा खणखणीत यायचा की शेजारच्या गोदूताई नक्की कुंपणाशी आल्या असणार.

"एवढी खळ करायची?" अक्का म्हणाली.

"तुम्ही करणार नाही असं वाटलं."

"मी का करणार नाही?"

"तुम्हाला ती जायला हवी आहे ना. कऱ्हाडला."

साडीचा आवाज थांबला.

"मला?" अक्का म्हणाली. "मला हवी आहे? कोण म्हणालं तुला?"

पुढचं त्या कुजबुजत बोलल्या. मी पाणी ओतायची थांबले, श्वास धरला, पत्र्याला कान लावला. पण ओल्या कानाला पत्र्याचा नुसता धमधमाट ऐकू येतो. एकदा अक्काचा आवाज चढला आणि "यांनी?" एवढा एकच शब्द कळला. मग दादा पुन्हा ओरडला, आणि मी भडाभडा पाणी ओतून बाहेर आले.

साडी ओढून झाली की घडी घालायची असते, आणि घडी घालताना टोकाला टोक लावायला दोघींना जवळ यावं लागतं. त्या तशा उभ्या होत्या. चार हात एका काठावर. अक्काचे डोळे लाल झाले होते.

"धूर गेला डोळ्यांत," अक्का मला म्हणाली.

इस्त्री अजून पेटवायची होती.

मग इस्त्री पेटली. कुमुदवहिनीनं चुलीतले निखारे इस्त्रीत भरले, राख फुंकून घालवली, बुडाला मेणाचा तुकडा फिरवला आणि आधी जुन्या धोतराच्या फडक्यावर चालवून बघितली, काळं उमटतंय का म्हणून. अक्का समोर बसून साडी सरकवत होती. कोरडं दिसेल तिथं बोटं झटकून पाणी शिंपडत होती. कुमुदवहिनीनं हात पुढे केला की अक्का मागितल्याशिवाय फडकं द्यायची. मला विचारायचं धाडस झालं नाही. मला गाडीची घाई होती, आणि मनात मुलाखतीशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

साडी अशी झाली की काय सांगू. दोन खळींतली अर्धी-अर्धी निघून गेली आणि उरलं ते अगदी नेमकं उरलं. निऱ्या घातल्या की पडून राहत. चाललं की सळसळ ऐकू येई. अक्कानं मला नेसवली, खांद्यावर पदर बसवला, आणि मला जवळ घेता घेता थांबली, चुरगळेल म्हणून.

एसटीत जागा होती, पण मी उभी राहिले. कंडक्टरनं एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, बाई, बसायला काही त्रास आहे का. मी म्हटलं, साडीला आहे.

शाळेचं नाव सांगत नाही. व्हरांड्यात आम्ही पाच-सहा जणी बाकावर होतो. त्यातल्या एकीला शिपायानं चहा आणून दिला आणि दूध कमी पडलं का विचारलं. बाकीच्यांना त्यानं मडकं कुठं आहे ते दाखवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण आशा मोठी वाईट.

आत तीन गृहस्थ आणि एक बाई बसल्या होत्या. गृहस्थांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, दाखले हातोहात फिरवले. मी गणित कसं शिकवायचं याची तयारी करून गेले होते. अपूर्णांक शिकवायला भाकरीचे तुकडे करायचे, असं सगळं पाठ होतं. ते कुणीच विचारलं नाही. बाई मात्र पहिल्यापासून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"खळ कसली आहे हो ही?"

"तांदळाची," मी म्हटलं. "आणि साबुदाण्याची."

"दोन्ही?"

"हो."

"आधी कुठली?"

मी सांगितलं. त्यांनी जास्तीची खळ कशी काढली ते विचारलं, मी कोमट पाण्याचंही सांगितलं. सबंध मुलाखतीत मला सविस्तर उत्तर देता आलं ते हेच. गृहस्थ घड्याळाकडे बघायला लागले. मी म्हटलं, एखादा धडा घेऊन दाखवू का, अपूर्णांकांचा. मधले गृहस्थ म्हणाले, नको, कळवू आम्ही.

बाहेर आल्यावर शिपाई फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला. भला माणूस होता. म्हणाला, ताई, टपालाची वाट बघत बसू नका, जागा भरली आहे, त्या चहावाल्या बाईंची खुर्चीसुद्धा कालच पुसून ठेवली आहे. मी त्याचे आभार मानले. काय करणार?

येताना मी एसटीत सगळ्यात आधी जागा धरली आणि फतकल मारून बसले. चुरगळू दे. रडू येत नव्हतं. राग येत होता, पण कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. शाळेवर, दादावर, सोवनींवर, त्यांच्या त्या मॅट्रिकच्या मुलावर, की माझ्या घरातल्या दोन बायकांवर, ज्यांना खळीचा एवढा पुळका आणि माझ्यासाठी एक शब्द बोलवत नाही. गाव जवळ आलं तसं वाटायला लागलं, गाडी अशीच पुढे जावी. ती गेली नाही. आमच्या थांब्यावर बरोब्बर थांबली.

आमच्या बोळाच्या तोंडाशीच गोदूताई भेटल्या. नोकरीचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांच्यापुढे त्याहून मोठी गोष्ट होती. म्हणाल्या, तुझ्या दोघी वहिन्या दुपारी एका वाटेनं कुठं गं गेल्या होत्या? एकत्र चालत होत्या, बोलत होत्या, आणि चेअरमनांच्या घराकडे वळल्या. मी म्हटलं, दुसऱ्या कुणी असतील. गोदूताई दुखावल्या. त्यांची नजर गावात सगळ्यात चांगली होती.

घरी दादा झोपाळ्यावर बसला होता आणि भाऊ खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन. दादानं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

"नाही लागली," मी म्हटलं.

दादानं मान हलवली. बिचाऱ्याला वाईटही वाटलं असेल, पण त्याहून त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, ते दिसत होतं. म्हणाला, असू दे, तू प्रयत्न केलास, तुझ्या मनात राहायला नको. आता रविवारी किती माणसं येणार ते चेअरमनांना विचारून येतो. मग त्यानं आत तोंड करून अक्काला हाक मारली.

अक्का बाहेर आली. तिच्याबरोबर कुमुदवहिनी आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. दादाचा झोपाळा थांबला.

"रविवारी कुणी येणार नाही," अक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"आम्ही दुपारी चेअरमनांच्या बायकोला भेटून आलो. मुलीच्या मनात नाही, आणि घरातल्या बायकांच्याही मनात नाही, असं सांगून आलो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि कुमुद."

दादानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं.

"पण कुमुदला तर..." एवढं बोलला आणि थांबला.

"हं. कुमुदला काय?" अक्का म्हणाली. "सांगा ना. ती इथंच उभी आहे."

मग अक्कानंच सांगितलं. दादा तिला म्हणाला होता, की कुमुदला लग्नाची नणंद घरात नको झाली आहे. हिला लवकर उजवलं नाही तर ती भाऊला घेऊन वेगळी चूल मांडेल. म्हणून अक्का गप्प बसली. घर मोडलं तर दोष माझ्या माथी येईल, त्यापेक्षा मी सुखरूप कुठेतरी पडावं, असं तिला वाटलं. आणि कुमुदवहिनीच्या कानावर वेगळंच घातलं गेलं होतं. अक्काला या स्थळाची फार हौस आहे, तिनं इतकी वर्षं सांभाळलं, आता ती थकली आहे, तेव्हा कुणी मोडता घालू नका.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?" कुमुदवहिनीनं भाऊला विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"दादानं," भाऊ म्हणाला. "त्यानं मला सांगितलं, मी तुला सांगितलं." आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

दोन वर्षं या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, तेव्हा पडताळून कोण बघणार? मी निरोप पोचवायचे ते मिठाचे आणि सरपणाचे. असले निरोप माझ्यावाटे जात नव्हते. दादाला एवढं बिनबोभाट काम सोसायटीत कधी मिळालं नसेल. आणि मी मूर्ख, एकाच घरात राहून, या दोन बायकांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. मला त्या क्षणी दोघींच्या पाया पडावंसं वाटलं, आणि दादाला झोपाळ्यावरून ढकलावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

दादाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मी चेअरमनांना शब्द दिला होता."

"दिला होतात, पण आमच्या नावावर," अक्का म्हणाली. "आमचा आम्ही परत आणला."

दादानं चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा घातला. चेअरमन काय म्हणाले, असं त्यानं अगदी खालच्या आवाजात विचारलं. कुमुदवहिनी म्हणाली, ते घरी नव्हते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पोहे दिले. माणूस नाराज असलं तर पोहे देत नाही. आणि वर म्हणाल्या, बरं केलंत, मी माझ्या भावाला हेच सांगत होते, की बायको आण, पण मुलाच्या वयाची नको.

"आणि नोकरी?" दादा म्हणाला. "ती तर लागली नाही तिला."

"लागेल," अक्का म्हणाली. "नाही लागली तर घर आहे."

तोवर मी उंबऱ्याशी धरून ठेवल्यासारखी उभी होते. घर आहे, हे ऐकलं आणि मला ते सहन होईना. मी पदर डोळ्यांना लावणार, तेवढ्यात कुमुदवहिनीनं झटकन पुढे येऊन माझं मनगट धरलं.

"रडायचं तेवढं रड," ती म्हणाली, "पण आधी साडी बदल. पुढच्या मुलाखतीला हीच नेसायची आहे."

"खरं आहे," अक्का म्हणाली.

मी आत गेले, साडी बदलली, नीट घडी घालून ठेवली, आणि मग पोटभर रडले.